आरएमसी मागवताना : गाडी गेटवर येण्याआधीच ठरतो तुमचा नफा



छोटी बांधकामं घेऊ पाहणाऱ्या नव्या ठेकेदारांसाठी आपली जी मालिका चालू आहे, त्यातला हा धडा रेडी मिक्स काँक्रीटचा. म्हणजे साइटवर सगळे ज्याला नुसतं 'आरएमसी' म्हणतात त्याचा. व्हिडिओत गाडी, पंप आणि चलन दाखवलंय. पण आकडेमोड पडद्यावर बघून डोक्यात राहत नाही, ती वहीत उतरवावी लागते. म्हणून इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

दोन गोष्टी आधी पक्क्या करू. पहिली, आरएमसी मागवणं म्हणजे सिमेंटच्या गोण्या मागवणं नव्हे. गोणी आज नाही वापरली तर उद्या वापरता येते. काँक्रीट प्लांटवर गाडीत भरलं की त्याचं घड्याळ सुरू झालं. आरएमसीसाठीचं भारतीय मानक आयएस ४९२६ सांगतं, की माल भरल्यापासून २ तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. सेट होणं लांबवणारं रसायन, म्हणजे रिटार्डर, घातलं असेल तर जास्त वेळ मिळू शकतो, पण तो आधी ठरवून घ्यायचा असतो. दुसरी गोष्ट जबाबदारीची. गाडीच्या मागच्या च्यूटमधून माल बाहेर पडेपर्यंत तो प्लांटचा. च्यूटमधून पडला की तुमचा. पुढे पसरणं, नीडल मारणं, पाणी मारणं, ठोके काढणं हे सगळं तुमच्या नावावर. स्लॅबला तडा गेला की मालक प्लांटला फोन करत नाही, तुम्हाला करतो.

आरएमसी घ्यावं कधी, घेऊ नये कधी

नवीन माणसाला वाटतं आरएमसी म्हणजे मोठं काम, मोठा ठेकेदार. तसं नाही. स्लॅब, राफ्ट, मोठ्या फुटिंग्ज, गोडाऊनची फरशी, जिथे एका दिवसात सलग दहा-बारा घनमीटरपेक्षा जास्त माल पडणार आहे, तिथे आरएमसीचा विचार करा. चार कॉलम भरायचे आहेत, माल दीड-दोन घनमीटर आहे, तर गाडी बोलावू नका. प्लांट कमी मालाचे वेगळे पैसे लावतो, आणि कॉलम भरायला इतका वेळ लागतो की गाडी उभी राहून माल घट्ट होतो. तिथे साइटवरचा मिक्सरच बरा, फक्त खडी-क्रश सँड मोजून घाला, अंदाजाने घमेली टाकू नका.

अंतरही बघा. प्लांट पंधरा-वीस किलोमीटरवर असेल आणि रस्ता मोकळा असेल तर उत्तम. गाडीला यायलाच सव्वा तास लागणार असेल, तर २ तासांतला तुमच्या हातात उरला किती? पाऊण तास. त्यात पंपाची एक पाइप चोक झाली की संपलं.

साइटवर मिक्सर लावायचा तर रेती ठेवायला जागा, पाण्याचा टँकर, लोडिंगची माणसं, उरलेली खडी, भिजलेल्या गोण्या, या सगळ्याचा खर्च असतो. तो बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग 'आरएमसी महाग' म्हणतात. तुमच्या गावच्या दराने दोन्ही बाजूंचा हिशेब एकदा मांडा. काही ठिकाणी साइट मिक्स खरंच स्वस्त पडेल, तर तेच करा. मला आरएमसी विकायचं नाहीये.

मोजमाप : इथेच पैसे जातात

आपल्याकडे खडी-वाळू ब्रासमध्ये चालते आणि आरएमसी घनमीटरमध्ये, ज्याला प्लांटवाले 'क्यूब' म्हणतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. १ घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. हे दोन आकडे मोबाइलच्या मागे चिकटवून ठेवा. कारण मुकादम 'साडेसहा' म्हणतो तेव्हा तो ब्रास म्हणतोय, आणि प्लांटचा ऑर्डर घेणारा 'साडेसहा क्यूब' लिहून घेतो. फरक जवळजवळ बारा घनमीटरचा! म्हणून फोनवर आकडा सांगताना एकक सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण करायचं नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ४० बाय ३० फुटांचा स्लॅब, जाडी ५ इंच.

स्लॅब : १२०० चौरस फूट × ५ ÷ १२ = ५०० घनफूट.
बीम : समजा एकूण २०० फूट लांबी, रुंदी ९ इंच, खोली १८ इंच. पण वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आधीच मोजलेत, म्हणून खालचे १३ इंचच धरायचे. २०० × ०.७५ × १.०८३ = १६२.५ घनफूट.
छज्जे : ४० फूट लांब, २ फूट रुंद, सरासरी ४ इंच = सुमारे २६.७ घनफूट.
जिन्याची मोकळी जागा वजा : ८ × १२ फूट, ५ इंच = ४० घनफूट.

एकूण ६४९.२ घनफूट. भागिले ३५.३१, म्हणजे १८.४ घनमीटर. ३ टक्के सांडलवंड धरली तर साधारण १८.९.

झालं? नाही. पंपाच्या पाइपमध्ये अडकणारा माल राहिला. १२५ मिलिमीटरची पाइपलाइन असेल तर १०० मीटर लांबीत सव्वा घनमीटरच्या आसपास माल मावतो. तुमची लाइन ४० मीटर असेल तर अर्धा घनमीटर. त्यातला काही भाग शेवटी ढकलून वापरता येतो, सगळा नाही. म्हणजे मागणी साडेएकोणीसच्या जवळ जाते.

साधारण गाडी ६ घनमीटरची असते. नवा माणूस ६, ६, ६ आणि दीड अशी मागणी देतो. दीड घनमीटरसाठी प्लांट चौथी गाडी काढायला कुरकुर करतो, जादा पैसे लावतो, कधी तासभर लांबवतो. त्यापेक्षा ६, ६, ४ अशा तीन गाड्या ठरवा आणि चौथीचा आकडा मोकळा ठेवा. तिसरी गाडी रिकामी होत आली की उरलेल्या भागाची टेप लावून मोजणी करा आणि मग प्लांटला सांगा, 'साडेतीन पाठवा' किंवा 'तीन पाठवा'. हे असं चालेल का, हे मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं. सांगितल्यावर गाडी भरून निघायला आणि पोचायला किती वेळ लागतो, तेही.

आता जाडीकडे बघा. सेंट्रिंगच्या प्लेटा नीट लेव्हलला नसतील, मधे अर्धा इंच दबल्या असतील, तर १२०० चौरस फुटांवर ५० घनफूट, म्हणजे १.४२ घनमीटर माल जादा जातो. हिशेबापुरता दर ५,५०० रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे घनमीटरला ६,४९०. अर्ध्या इंचाचे झाले सुमारे ९,२०० रुपये! मालकाशी तुमचा दर चौरस फुटावर ठरलेला असेल तर हे पैसे तुमच्या खिशातून गेले. सुतार दोन तास जास्त थांबवून लेव्हल तपासून घेतली असती तर किती गेले असते? म्हणून माल मागवण्याआधी लेव्हल ट्यूबने किंवा ऑटो लेव्हलने दहा-बारा ठिकाणी तपासणी करा आणि आकडे लिहून ठेवा.

प्लांटशी बोलताना

'एम-पंचवीस किती?' एवढंच विचारून फोन ठेवणारे खूप. एम-२५ म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन. पण ग्रेड तुम्ही ठरवायचा नाही, आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर तो लिहिलेला असतो. तिथे नसेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीला एम-२० पेक्षा कमी चालतच नाही. मालवण, रत्नागिरीकडे समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या कामाला किमान एम-३० सांगितलंय. तिथे 'आमच्याकडे सगळे एम-२० च टाकतात' हे ऐकून घेऊ नका. दहा वर्षांनी सळई फुगून कव्हर पडतं, तेव्हा सगळे कोणी हजर नसतात.

ग्रेडनंतर विचारायचं ते स्लंपबद्दल. स्लंप म्हणजे माल किती सैल आहे याचं माप. ३०० मिलिमीटर उंचीच्या कोनमध्ये माल भरतात, कोन उचलतात, आणि माल किती खाली बसला ते मोजतात. पंपाने वर चढवायचा माल आणि च्यूटमधून थेट फुटिंगमध्ये सोडायचा माल एकसारखा नसतो. 'साइटवर पोचल्यावर स्लंप अमुक हवा' असं सांगा. प्लांटवरचा स्लंप आणि तासाभराने साइटवरचा स्लंप वेगळा असतो, हे लक्षात ठेवा.

खडीची कमाल साइज विचारा. बीम-कॉलमच्या सांध्यात सळई दाट असेल तर २० मिलिमीटर खडी अडकते, हे कन्सल्टंटशी बोलून ठरवा. फ्लाय ॲश किती टक्के हेही विचारा. फ्लाय ॲश ऐकलं की काहींना भेसळ वाटते. ती भेसळ नाही, मानकांना मान्य आहे आणि चांगल्या मालात ती असतेच. फक्त असा माल सुरुवातीला ताकद सावकाश पकडतो, त्यामुळे पाणी मारायचे आणि ठोके ठेवायचे दिवस वाढतात. ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

प्लांट निवडताना एकदा जाऊन बघा. वजनकाटे कधी कॅलिब्रेट केले त्याचा दाखला मागा. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची आरएमसी प्लांटसाठी प्रमाणन योजना आहे, आयएस ४९२६ खाली बीआयएसचा परवानाही मिळतो. यापैकी काय आहे ते विचारा. चहा पाजून गोड बोलणारा प्लांट आणि बॅच रिपोर्ट मागितल्यावर लगेच काढून देणारा प्लांट, यात मी दुसरा निवडीन.

मागणी तोंडी द्यायची नाही. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून द्यायची. असं काहीतरी :

'उद्या सकाळी ८ वाजता पहिली गाडी साइटवर. ग्रेड एम-२५, खडी २० मिमी, साइटवर स्लंप १२० मिमी, पंपिंगसाठी. एकूण अंदाजे १९.५ घनमीटर : ६, ६, ४, आणि शेवटची मोजून. दोन गाड्यांत ४५ मिनिटांचं अंतर. पंप तुमचा, पाइपलाइन ४० मीटर, पहिला मजला. दर, पंपाचे पैसे, कमी मालाचे पैसे, गाडी थांबल्याचे पैसे आणि जीएसटी कळवा. प्रत्येक गाडीसोबत चलन आणि बॅच रिपोर्ट हवा.'

यातला स्लंप तुमच्या कन्सल्टंटच्या सांगण्याप्रमाणे बदला. आणि उत्तरात 'ओके' आलं की पुरे नाही, दराचे आकडे आले पाहिजेत. पंपाला बहुधा किमान बिल असतं, माल कमी असला तरी तेवढं द्यावंच लागतं. मालकाला कोटेशन देताना हे विसरलात तर छोट्या स्लॅबवर तिथेच मार्जिन संपतं.

गाडी आत येईल का?

भरलेली गाडी पंचवीस टनांच्या आसपास असते. पुण्यातल्या पेठांमधल्या गल्ल्या, सोसायटीच्या आतला पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची झाकणं, जमिनीखालची पाण्याची टाकी, हे सगळं आदल्या दिवशी पायी फिरून बघा. टाकीच्या स्लॅबवर गाडी गेली आणि तो खचला, तर गाडी काढण्याचा आणि टाकी बांधण्याचा खर्च तुमच्याकडेच येणार. वरच्या विजेच्या तारा बघा, विशेषतः बूम पंप लावणार असाल तर. हा जिवाचा मामला आहे. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी असते, त्या वेळा प्लांटला माहीत असतात, पण त्या तुमच्या वेळापत्रकात बसतात का ते तुम्ही बघा. गाडी धुवायची कुठे, हेही ठरवा. ड्रायव्हर जागा न मिळाल्यास शेजारच्या गटारात धुतो, आणि दुसऱ्या दिवशी गटार दगड झालेलं असतं.

साइट मिक्सने दिवसभर सावकाश पडणारा माल आरएमसीने दोन-तीन तासांत पडतो. त्यामुळे सेंट्रिंगवर भार एकदम येतो. माल एका जागी ढिगाने टाकू देऊ नका. स्लॅबच्या खाली एक सुतार शेवटपर्यंत उभा पाहिजे, ठोका सरकतोय का, प्लेट उघडतेय का हे बघायला. वर पाइप धरायला दोन, फावडं घेऊन तीन-चार, नीडलवर दोन, रंध्याला दोन गवंडी, आणि सळई-कव्हर ब्लॉक सांभाळायला एक फिटर, एवढी माणसं तरी लागतातच. नीडल मशिन दोन हवीत. एकच असेल आणि ती बंद पडली तर गाडी थांबत नाही, माल थांबत नाही, फक्त तुमचा श्वास थांबतो. सगळ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या, ओल्या सिमेंटने कातडी जळते.

दोन गाड्यांमधलं अंतर

हा भाग व्हिडिओत घाईत झाला, म्हणून इथे थोडं थांबू. समजा पहिली गाडी प्लांटवर ७.१५ ला भरली, ८ ला साइटवर आली. ९.१५ पर्यंत ती रिकामी हवी. पंप चालू झाला की ६ घनमीटर माल अर्ध्या तासातही निघतो, पण तुमची माणसं तेवढ्या वेगाने पसरवून नीडल मारू शकतात का? नवी टीम असेल तर पाऊण तास धरा. म्हणजे गाड्याही पाऊण तासाने हव्यात. 'सगळ्या एकदम पाठवून द्या, टेन्शन नको' असं म्हणालात तर तिसरी गाडी दीड तास गेटवर उभी राहणार. माल आतच घट्ट होणार. मग ड्रायव्हरचा हात पाण्याच्या पाइपकडे जाणार.

उलट बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत दोन-अडीच तासांचं अंतर पडलं तर आधीचा माल सेट व्हायला लागतो आणि नवा माल त्याला नीट चिकटत नाही. यालाच कोल्ड जॉइंट म्हणतात. पावसाळ्यात त्या रेषेतूनच पाणी गळतं. म्हणून माल पसरवताना तोंड लहान ठेवा. पूर्ण रुंदीभर पसरून पुढे जाऊ नका, पट्ट्यापट्ट्याने जा, म्हणजे जुन्या मालाची कड उघडी राहते ती कमी. आणि गाडी अडकलीच तर काम कुठे थांबवायचं, ती जागा कन्सल्टंटला आधी विचारून सेंट्रिंगवर खडूने आखून ठेवा. ऐन वेळी ते फोन उचलतीलच असं नाही.

नागपूर, जळगावकडे एप्रिल-मे मध्ये दुपारचा स्लॅब घेऊच नका. पहाटे किंवा संध्याकाळी घ्या. सेंट्रिंगच्या प्लेटांवर आधी पाणी मारून त्या थंड करा, मात्र पाणी साचू देऊ नका.

पंप सुरू करताना पाइप ओली करायला सिमेंटची स्लरी सोडतात. ती बाहेर आल्यावर बादलीत किंवा ड्रममध्ये घ्या आणि फेकून द्या. बीममध्ये सोडायची नाही. 'थोडीच तर आहे' म्हणून लेबर ती कॉलमच्या डोक्यावर सोडतं, आणि नेमकी तिथेच सगळ्यात कमजोर जागा तयार होते.

पाणी

या धड्यातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गाडी आली, माल जरा घट्ट वाटला, पंप ऑपरेटर म्हणाला 'साहेब, थोडं पाणी मारू?', लेबर म्हणालं 'हो हो, मारा', कारण सैल माल पसरवायला सोपा. तुम्ही मान डोलावली. काय झालं ते आकड्यांत बघू.

समजा एम-२५ च्या १ घनमीटर मालात सिमेंट आणि फ्लाय ॲश मिळून ३४० किलो आणि पाणी १६३ लिटर आहे. प्रमाण ०.४८. गाडीत ६ घनमीटर. पाइपने १०० लिटर पाणी गेलं, म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमचा अर्धा. घनमीटरला जवळजवळ १७ लिटर वाढले. पाणी १८०, प्रमाण ०.५३. एम-२५ ज्या परिस्थितीसाठी किमान सांगितलाय, तिथे आयएस ४५६ ची कमाल मर्यादा ०.५० आहे. दोन मिनिटांत तुम्ही ती ओलांडली.

प्लांट एम-२५ चं डिझाइन करताना सरासरी ताकद ३१-३२ धरतो, कारण रोजच्या कामात खाली-वर होतं. ही वरची सहा-साडेसहाची उशी तुमच्या संरक्षणासाठी असते, आणि तिचे पैसे तुम्ही दरात भरलेले असतात. पाणी घालून ती उशी तुम्हीच काढून टाकता. वर कहर म्हणजे, साइटवर ग्राहकाच्या सांगण्यावरून पाणी घातलं असं चलनावर लिहून प्लांटने तुमची सही घेतली, तर क्यूब फेल झाल्यावर प्लांटला जाब विचारायला तुमच्याकडे तोंड राहत नाही.

मग घट्ट माल आला तर करायचं काय? आधी ड्रायव्हरला दोन-तीन मिनिटं ड्रम वेगाने फिरवायला सांगा. वाटेत ड्रम सावकाश फिरत असतो, कधी कधी एवढ्याने माल सुधारतो. मग स्लंप मोजा, डोळ्याने ठरवू नका. कमी असेल तर प्लांटच्या क्वालिटीच्या माणसाला फोन करा. तो येऊन किंवा त्याच्या सांगण्यावरून मोजून ॲडमिक्श्चर घालता येतं, त्याने पाणी न वाढवता माल सैल होतो. वेळ उलटून गेली असेल तर गाडी परत पाठवा. हो, परत. पहिल्यांदा हात थरथरतो, पण मागणीत स्लंप लिहिलेला असेल आणि चलनावर भरल्याची वेळ असेल तर तुमची बाजू पक्की आहे. दहा वेळा भांडण्याची गरज नसते, एकदा गाडी परत गेली की पुढच्या गाड्या वेळेवर येतात.

आणि एक. सकाळी ड्रम धुतल्यावर त्यात पाणी उरलेलं असू शकतं. माल भरण्याआधी ड्रम उलटा फिरवून रिकामा करा, हे प्लांटला मागणीतच सांगा.

चलन, वजन आणि क्यूब

गाडी आली की आधी चलन हातात घ्या, मगच पंपाला लावा. ग्रेड, माल भरल्याची वेळ, गाडी नंबर, घनमीटर, स्लंप तपासा. पोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ स्वतः लिहा. मोबाइलवर फोटो काढा.

माल कमी येतोय अशी शंका असेल तर वाद घालू नका, काट्यावर न्या. १ घनमीटर काँक्रीट साधारण २,४०० किलो. ६ घनमीटर म्हणजे १४,४०० किलो. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन करा. नेमकी घनता हवी असेल तर बॅच रिपोर्टमधल्या सगळ्या घटकांची बेरीज करून घनमीटरने भागा. निव्वळ वजन १३,७०० किलो भरलं तर माल ५.७ घनमीटर आलाय, म्हणजे एका गाडीत वरच्या दराने १,९०० रुपयांच्या वर गेले. पण आधी स्वतःची सेंट्रिंग मोजा. माल कमी पडण्याचं कारण बहुतेक वेळा प्लांट नसतो, दबलेली प्लेट असते.

क्यूब तुमचे तुम्ही भरायचे. प्लांट स्वतःचे भरतो, ते त्याच्यासाठी. आयएस ४५६ प्रमाणे १६ ते ३० घनमीटरच्या कामाला ३ सँपल, प्रत्येकात ३ क्यूब, म्हणजे ९. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर जादा भरा. माल गाडीच्या मधल्या भागातून घ्या, अगदी पहिला किंवा शेवटचा नको. क्यूबवर तारीख आणि गाडीचा क्रमांक घाला. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवा, उन्हात गच्चीवर नाही. तपासणी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये किंवा जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात करून घ्या.

माल पडल्यानंतर

नीडल उभी घाला, सावकाश वर काढा, आणि तिने माल ओढत नेऊ नका. दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून माल सोडू नका, खडी वेगळी होते. रंधा मारून झाला की वारा-ऊन लागण्याआधी प्लास्टिक किंवा ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवसापासून वाफे करून पाणी. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, गरम-कोरड्या हवेत १०, आणि फ्लाय ॲशचा माल असेल तर १४ दिवस. आरएमसीत ती बहुधा असतेच, म्हणून सरळ १४ धरा आणि पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी कोटेशनमध्ये घाला.

ठोक्यांचंही तसंच. आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे ठोके ७ दिवस, त्यावरच्या गाळ्याला १४, बीम सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस दिलेत, पण ते ओपीसीसाठी. फ्लाय ॲश असेल तर कन्सल्टंटला विचारून वाढवा. सेंट्रिंगचं भाडं वाचवायला ठोके लवकर काढू नका.

बिल

महिनाअखेरीला बिल आलं की चलनांची बेरीज जुळवा. थांबल्याचे पैसे लावले असतील तर चलनावर तुम्ही लिहिलेल्या वेळा काढा. नव्या खात्याला बहुतेक प्लांट आगाऊ पैसे मागतात. दोन-तीन कामं नीट झाली की उधारी बोलता येते. त्यामुळे मालकाकडून स्लॅबचा हप्ता स्लॅब पडण्याआधी घेण्याची अट करारातच घाला. जीएसटी तुम्ही नियमित पद्धतीने भरत असाल तर ठेक्याच्या कामावर या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं, कंपोझिशनमध्ये मिळत नाही. दर देण्याआधी हे सीएकडून समजून घ्या, नाहीतर ५,५०० धरलेला माल तुम्हाला खरा ६,४९० ला पडलेला असेल.

२८ दिवसांचा क्यूब रिपोर्ट आला की त्याची एक प्रत, चलनं आणि बॅच रिपोर्टसह, मालकाच्या फाइलला लावा. पुढच्या मजल्याचा दर बोलताना ती फाइल टेबलावर असू द्या.

पुढच्या भागात गोडाऊनची ट्रायमिक्स फरशी आणि तिचा चौरस फुटाचा दर कसा काढायचा ते घेऊ. तोवर तुमच्या चालू कामाच्या एखाद्या स्लॅबचं मोजमाप वरच्या पद्धतीने काढून बघा, पाइपलाइनसकट.